ट्रेझरी ऑफ व्हिक्टोरियन मर्डर: रिक गिअरी यांची चित्रकथामाला

एकोणिसाव्या शतकात ब्रिटन व अमेरिकेत प्रत्यक्ष घडलेल्या गाजलेल्या खुनांवरील ही कृष्णधवल चित्रकथामाला. अमेरिकी चित्रकार-लेखक रिक गिअरी (जन्म १९४६) यांच्या या मालेचा पहिला भाग न्यूयॉर्कच्या एनबीएम प्रकाशनाने १९८७ मध्ये काढला. २००७ पर्यंत नऊ भाग निघाले. त्यानंतर गिअरी विसाव्या शतकातील खुनांकडे वळले.

मालेतील विनोद काळा आहे, पण त्यात मृतांची थट्टा नाही. घराचे आराखडे, गल्ल्यांचे नकाशे, कोण किती वाजता कोठे होते याची नोंद, हे सारे एखाद्या सभ्य वाटाड्याच्या संथ स्वरात येते. रेखाटन नीटनेटके, वर्णन भीषण. या विसंगतीतून हसू फुटते आणि लगेच विरते. उपहासाचा खरा रोख प्रतिष्ठा जपणाऱ्या तत्कालीन समाजावर आहे.

'द बॉर्डेन ट्रॅजेडी' (१९९७) हा भाग मॅसॅच्युसेट्समधील फॉल रिव्हर येथील हत्याकांडाचा. ४ ऑगस्ट १८९२ रोजी अँड्र्यू बॉर्डेन व त्यांची दुसरी पत्नी ॲबी राहत्या घरी मारले गेले. कन्या लिझीवर खटला चालला. १८९३ मध्ये ती निर्दोष सुटली. 'द केस ऑफ मॅडलिन स्मिथ' (२००६) ग्लासगोत घडते. प्रियकराला आर्सेनिक देऊन मारल्याच्या आरोपावर १८५७ मध्ये स्कॉटिश ज्यूरीने 'सिद्ध झाले नाही' असा निकाल दिला. त्यामुळे मॅडलिन सुटली, संशय मात्र सुटला नाही.

'द फेटल बुलेट' (१९९९) अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्या हत्येविषयी आहे. येथे मारेकरी ठाऊक आहे, तरी प्रश्न उरतोच. २ जुलै १८८१ रोजी चार्ल्स गिटोने गोळी झाडली. त्यानंतर डॉक्टरांनी न धुतलेल्या बोटांनी व उपकरणांनी जखम पुनःपुन्हा चाचपली. जंतुसंसर्ग होऊन गारफिल्ड १९ सप्टेंबरला वारले. गोळी आपण झाडली, मारले मात्र डॉक्टरांनी, असा बचाव गिटोने केला; १८८२ मध्ये तो फासावर गेला.

पुराव्यातील फटी त्या काळच्या वृत्तपत्रांनी कल्पनेने बुजवल्या. लिझी बॉर्डेनच्या बाबतीत गिअरी त्या तशाच उघड्या ठेवतात. आराखडा आणि घड्याळ वाचकापुढे मांडून ते थांबतात. खुनी कोण, हे सांगत नाहीत.