फुटलेला डफ

ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. जामखेड तालुक्यातील चौंडी हे अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव (१७२५). तेव्हा नामांतराला स्थानिक इतिहासाचा आधार आहेच. पण याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, संगमनेरात, अहिल्याबाईंची आणखी एक आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मराठी साहित्याच्या अभ्यासकाला ती अधिक जवळची वाटावी. ती आठवण शाहीर अनंत फंदीच्या संबंधातली आहे.

अनंत भवानीबावा घोलप (१७४४–१८१९) हा संगमनेरचा ब्राह्मण. मलिक फंदी नावाच्या फकिराशी त्याची दोस्ती होती, त्यावरून लोक त्यालाही ‘फंदी’ म्हणू लागले असे सांगतात. तमाशाचा फड घेऊन तो गावोगाव हिंडे. आख्यायिका अशी की, महेश्वरला त्याने अहिल्याबाईंपुढे आपली कवने म्हटली. बाईंनी त्याची प्रतिभा वाखाणली. पण ब्राह्मणाने तमाशा करणे शोभत नाही, हीच वाणी कीर्तनात लावावी, असे सुचवले. फंदीने डफ फोडला आणि तो कीर्तनकार झाला.

कथा सुरेख आहे. इतकी सुरेख, की थोडा संशय यावा. कारण याच साच्याची दुसरी कथा सोलापूरच्या राम जोशींविषयी रूढ आहे. तेथे अहिल्याबाईंच्या जागी मोरोपंत आहेत; बाकी सारे तेच: ब्राह्मण कवी, लावणीचा नाद, थोर व्यक्तीचे बोल, डफाचा त्याग, कीर्तनाचा स्वीकार. होनाजी गवळी होता, सगनभाऊ मुसलमान. त्यांना असे कोणी ‘सोडवून’ आणल्याची कथा रूढ नाही. प्रभाकर ब्राह्मण असूनही त्याच्या वाट्याला ती आली नाही, तेव्हा हा नियम म्हणून मांडता येणार नाही. तरीही डफ फोडण्याच्या या कथा जातीच्या मर्यादेविषयी काही सांगतात, हे नाकारणे कठीण आहे.

आता सनावळी पाहू. अहिल्याबाईंचे निधन १३ ऑगस्ट १७९५ रोजी झाले. त्याच वर्षी ११ मार्चला खर्ड्याची लढाई झाली. हे खर्डेही जामखेड तालुक्यातलेच. त्या लढाईवर फंदीचा पोवाडा आहे. दुसऱ्या बाजीरावाला पेशवाईची वस्त्रे मिळाली ती १७९६ च्या अखेरीस, आणि त्याच्या काळातील घडामोडींवरही फंदीने पोवाडे रचले. म्हणजे महेश्वरचा प्रसंग खरा मानला तरी त्यानंतर शाहिराची वाणी काही थांबली नव्हती. बाजीरावाच्या सांगण्यावरून त्याने सवाई माधवरावांवर ‘माधवग्रंथ’ हे ओवीबद्ध चरित्रही लिहिले. पण तो आज किती जण वाचतात? राजाश्रयाने मागवलेली रचना मागे पडली आणि उभ्या गर्दीसाठी केलेली टिकली. एच. ए. ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा गोंधळ्यांच्या तोंडूनच बरेचसे पोवाडे मिळवावे लागले, हेही येथे ध्यानात घ्यावे.

फंदीचे नाव आज मुख्यतः फटक्यामुळे माहीत असते. या रचनाप्रकाराचा जनक म्हणून त्याचा उल्लेख होतो आणि त्याचा उपदेशपर फटका शाळेतील कित्येक पिढ्यांनी पाठ केला आहे. तो कीर्तनकार फंदीचा बोध म्हणून वाचला जातो. माझ्या मते ही अर्धीच बाजू झाली. फटक्याची घडण तपासावी: समोरच्या माणसाला थेट केलेले संबोधन, आज्ञार्थांची एकावर एक येणारी सरबत्ती, ठसठशीत यमके, डफाच्या थापेवर चालावी अशी आठ-आठ मात्रांची ठेक्यातली पावले, आणि भाषा चावडीवरची. निरूपणाची संथ लय येथे नाही. जत्रेतल्या कोलाहलात शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोहोचवण्याची सवय ज्याच्या गळ्याला आहे, तोच असे लिहू शकतो. उपदेश कीर्तनाचा असेल. चाबूक फडाचा आहे. डफ फुटला असेल तर तो वृत्तात जाऊन बसला, असे म्हणावे लागेल.

पाठ्यपुस्तकाने मात्र फटका घेतला आणि फड वगळला. आख्यायिकेने त्यासाठी जणू परवानाच दिला होता: कवी ‘सुधारला’ होता, आता त्याला वर्गात आणायला हरकत नव्हती. संगमनेरात आज कवी अनंत फंदींच्या नावाने व्याख्यानमाला चालते. ‘कवी’ हा शब्द येथे सहज आलेला आहे, आणि तरीही ‘शाहीर’ या शब्दाच्या जागी तो यावा हे बोलके वाटते. असो.

तमाशाने मात्र संगमनेर सोडले नाही. गुलाबबाई संगमनेरकर यांनी या गावाचे नावच आडनाव म्हणून लावणीच्या रंगमंचावर नेले. कांताबाई सातारकर (१९३९–२०२१) नावाने साताऱ्याच्या. पण त्यांचा फड वसला तो संगमनेरात. तुकाराम खेडकरांच्या फडात त्या नावारूपाला आल्या. १९६४ मध्ये खेडकर गेल्यावर पुढे त्यांनी स्वतःचा फड उभा केला, वगनाट्यांतून पुरुषभूमिकाही गाजवल्या, आणि मुलगा रघुवीर खेडकर यांच्यासह तंबूचा तमाशा दशकानुदशके चालवला. राज्य शासनाने त्यांना विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार दिला.

या स्त्रियांसाठी महेश्वरसारखा प्रसंग कोणी रचला नाही. डफ फोडून कीर्तनाच्या पाटावर बसण्याची वाट फंदीला जन्माने मोकळी होती. फडातल्या बाईने चाळ उतरवले तर तिला कोणता पाट मिळणार होता? त्यामुळे कला सोडून प्रतिष्ठा मिळवण्याचा पर्याय त्यांच्यापुढे नव्हताच. जी काही प्रतिष्ठा मिळवायची, ती बोर्डावर उभे राहूनच. गावाची ओळख म्हणून आपण जेव्हा लोककलेचा अभिमान सांगतो, तेव्हा त्यात शाहिराचे नाव आधी येते, कंदिलाच्या आणि नंतर हॅलोजनच्या उजेडात पहाटेपर्यंत वग ओढणाऱ्या बाईचे फार उशिरा.

कांताबाईंचे निधन २५ मे २०२१ रोजी संगमनेरातच झाले. करोनामुळे त्या वर्षी सलग दुसऱ्यांदा गावोगावच्या जत्रा भरल्या नव्हत्या, आणि ऐन हंगामात तंबू दोन वर्षे गुंडाळूनच ठेवलेले होते.