भालजी पेंढारकर कोण होते? मूकपटांपासून जयप्रभा स्टुडिओपर्यंतचा प्रवास

२०२२ साली जयप्रभा स्टुडिओची जागा विकली गेल्याचं समोर आलं आणि कोल्हापुरात आंदोलन सुरू झालं. एका बंद स्टुडिओसाठी शहर इतकं का हळहळलं? याचं उत्तर भालजी पेंढारकर या नावात आहे.

सुरुवात कशी झाली?

भालचंद्र गोपाळ पेंढारकर मूळचे कोल्हापूरचे. अभिनेते बाबुराव पेंढारकर त्यांचे भाऊ, तर व्ही. शांताराम मावसभाऊ. भालजी मूकपटांच्या काळातच लेखन-दिग्दर्शनाकडे वळले. १९२६ च्या ‘वंदे मातरम् आश्रम’मध्ये त्यांनी ब्रिटिशांच्या शिक्षणपद्धतीवर टीका केली. साहजिकच सेन्सॉरची कात्री चालली.

पुढे बोलपट आले. संवाद लिहिता येणाऱ्या दिग्दर्शकाला आता वेगळंच महत्त्व आलं. दादासाहेब तोरणे यांच्या सरस्वती सिनेटोनसाठी भालजींनी १९३२ मध्ये ‘श्यामसुंदर’ केला. शाहू मोडक आणि शांता आपटे यांचा हा चित्रपट मुंबईत २५ आठवड्यांहून अधिक काळ चालला. भारतातला पहिला रौप्यमहोत्सवी चित्रपट म्हणून तो ओळखला जातो.

इतिहासपट ही ओळख

‘नेताजी पालकर’ (१९३९), ‘थोरातांची कमळा’ (१९४१), ‘बहिर्जी नाईक’ (१९४३) आणि ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२) या चित्रपटांमुळे शिवकाळ गावोगावच्या तंबूंतल्या पडद्यावर पोहोचला. चंद्रकांत, सूर्यकांत या मांढरे बंधूंची कारकीर्दही याच चित्रपटांतून बहरली. ‘वाल्मिकी’त (१९४६) पृथ्वीराज कपूर होते आणि नारदाच्या भूमिकेत तरुण राज कपूर.

१९४८ ची आग

गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत जमावाने जयप्रभा स्टुडिओ पेटवून दिला. भालजी हिंदुत्ववादी विचारांचे म्हणून ओळखले जात. त्या आगीत सगळी मेहनत भस्मसात झाली.

पण भालजी कोल्हापूर सोडून गेले नाहीत. त्यांनी स्टुडिओ पुन्हा उभा केला आणि १९४९ मध्ये ‘मीठभाकर’ पडद्यावर आणला.

‘आनंदघन’ आणि दादा कोंडके

लता मंगेशकर यांनी ‘आनंदघन’ या नावाने संगीत दिलं, हे अनेकांना माहीत असतं. पण ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४), ‘साधी माणसं’ (१९६५) आणि ‘तांबडी माती’ (१९६९) हे चारही चित्रपट भालजींचे आहेत. दादा कोंडके पहिल्यांदा पडद्यावर दिसले तेही ‘तांबडी माती’त. ‘साधी माणसं’मध्ये तर राजे-सरदार नाहीतच. त्यात पोटासाठी शहरात आलेलं एक साधं जोडपं आहे.

मग उरलं काय?

१९९१ चा दादासाहेब फाळके पुरस्कार भालजींना मिळाला. २६ नोव्हेंबर १९९४ रोजी त्यांचं निधन झालं.

भारतातले बहुतेक मूकपट आज कायमचे हरवले आहेत. त्यामुळे भालजींच्या सुरुवातीच्या कामाबद्दल आपल्याला वाचूनच समजून घ्यावं लागतं. फिल्म जळते, झिजते, हरवते. मग आठवणीसाठी उरते ती जागा. जयप्रभाच्या दारात कोल्हापूरकर जमले ते याचसाठी.