धनुष्याला डावे-उजवे असते का?

आपल्या मराठीत 'डावलणे' असे एक क्रियापद आहे. एखाद्याला बाजूला सारले, त्याचा हक्क नाकारला, की आपण म्हणतो, 'त्याला डावलले'. उलट जे सरस ठरते ते 'उजवे'. हात दोन, पण भाषेने त्यांचा निकाल कधीच लावून टाकला आहे. पंक्तीत वाढताना, प्रसाद घेताना डावा हात पुढे केला म्हणून लहानपणी चापट खाल्लेली माणसे आजही घरोघरी सापडतील.

हे सांगायचे कारण धनुर्विद्या. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंड धनुष्याच्या दोन्ही वैयक्तिक विजेतेपदांवर महाराष्ट्राची नावे लागली. साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे. आदिती तेव्हा अवघी १७ वर्षांची होती, आणि ओजसने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले. दोघेही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या हाताखाली तयार झालेले. त्याआधी टोकियो ऑलिंपिकमध्ये फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव भारताच्या संघात होता. अशा बातम्या वाचून आमच्या मीरा रोडच्या एखाद्या सातव्या मजल्यावरचे मूलही आईवडिलांकडे धनुष्याचा हट्ट धरते. मग सामान घ्यायला गेल्यावर पहिला प्रश्न येतो, 'उजवे हवे की डावे?' आईवडील गोंधळतात. धनुष्याला डावे-उजवे असते, हेच त्यांनी कधी ऐकलेले नसते.

त्यांचे चुकत नाही. धनुष्याच्या हजारो वर्षांच्या इतिहासात बहुतेक काळ त्याला डावे-उजवे नव्हतेच. दूरदर्शनवर 'रामायण' आणि 'महाभारत' या मालिका चालू असताना खराट्याच्या काड्या वाकवून, दोरा बांधून मुलांनी जी धनुष्ये केली, ती कुठल्याही हातात चालत. मीरा रोड स्टेशनातून पूर्वेला पाहिले तर इमारतींच्या मागे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसतात. त्या डोंगरांच्या कडेने, काशीमिऱ्याच्या बाजूला आदिवासी पाडे आहेत. तिथून उत्तरेला थेट डहाणू-तलासरीपर्यंत वारली समाजाचा मुलूख. या पट्ट्यातला तिरकमठा म्हणजे बांबूची वाकवलेली कांब आणि तिला ताणून बांधलेली दोरी. मूठ सरळ, दोन्ही बाजू सारख्या. बाण टेकतो तो मूठ धरलेल्या हाताच्या बोटावर. उजव्याने ओढा, डाव्याने ओढा, कमठ्याला त्याचे काही नाही. डावा-उजवा असायचा तो माणूस.

माणसातला हा फरक आपल्या जुन्या ग्रंथांनी नीट टिपला आहे. अर्जुनाचे एक नाव 'सव्यसाची'. संस्कृतात 'सव्य' म्हणजे डावा. विराटपर्वात राजपुत्र उत्तराला आपल्या दहा नावांचा अर्थ सांगताना अर्जुन म्हणतो की गांडीव ओढायला माझे दोन्ही हात समर्थ आहेत, म्हणून मला सव्यसाची म्हणतात. गीतेच्या अकराव्या अध्यायात श्रीकृष्णही त्याला याच नावाने हाक मारतो. म्हणजे ज्या समाजाने डाव्या हाताला अशुभ मानले, त्याच समाजाने आपल्या सर्वश्रेष्ठ धनुर्धराचा गौरव केला तो डाव्या हाताच्या नावाने!

दुसरी कथा एकलव्याची. द्रोणांनी त्याच्याकडे मागितला तो नेमका उजव्या हाताचा अंगठा. नेमका अंगठाच का? त्यामागे बाण सोडण्याची रीत आहे. आशियाच्या मोठ्या भागात प्रत्यंचा अंगठ्याने ओढत. अंगठा दोरीभोवती वळवायचा आणि तर्जनीने तो दाबून धरायचा. अंगठ्याला इजा होऊ नये म्हणून हाडाची, शिंगाची, दगडाची अंगठी घालत. शहाजहान बादशहाची जेडची अशी अंगठी लंडनच्या संग्रहालयात आहे. या पद्धतीत अंगठा गेला म्हणजे विद्याच गेली. महाभारत पुढे सांगते की एकलव्य त्यानंतर बोटांनी बाण सोडू लागला, पण पूर्वीची चपळाई राहिली नाही. अर्जुनाचा एक अंगठा गेला असता तर त्याच्याकडे दुसरा हात होता. एकलव्याकडून मागितले गेले ते त्याचे सर्वस्व होते.

आज ऑलिंपिकमध्ये रिकर्व्ह धनुष्याचे नेमबाज दोरी ओढतात ती तीन बोटांनी. अंगठा तळव्याकडे दुमडलेला असतो, दोरीला लागतही नाही. युरोपातून आलेली ही रीत जगभर रूढ झाली. अंगठा नसलेला एकलव्य आजच्या मैदानावर कमी ठरला नसता.

मग धनुष्याला डावे-उजवे आले कुठून? जुन्या धनुष्यात बाण मुठीच्या बाजूने जातो, त्यामुळे तो लक्ष्याच्या रेषेपासून किंचित तिरका असतो. सुटल्यावर बाण लवचीकपणे वाकतो, मुठीला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. विसाव्या शतकात अमेरिकेत हिकमन, क्लॉपस्टेग यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी या हालचालीचा गणिताने आणि प्रयोगांनी अभ्यास केला. पुढे मुठीवरचा भाग एका बाजूने कापून तिथे खिडकी करण्याची पद्धत रुळली. बाण आता मधल्या रेषेच्या अगदी जवळून जाऊ लागला आणि नेम सुधारला. पण खिडकी एकाच बाजूला असते. बाण टेकवायची जागा, नेम धरण्याचे साधन, सारे त्याच हिशेबाने बसवलेले. १९६६ मध्ये अमेरिकेच्या हॉलिस ॲलन यांनी ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्या चाकांच्या कंपाउंड धनुष्यालाही हेच लागू झाले. अचूकता मिळाली, आणि तिच्या बदल्यात धनुष्यालाच बाजू आली.

इथे नवख्याची एक हमखास गल्लत होते. उजव्या हाताचे धनुष्य म्हणजे उजव्या हातात धरायचे नव्हे. ते धरायचे डाव्या हातात, आणि दोरी ओढायची उजव्याने. नाव ओढणाऱ्या हातावरून पडले आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. निवड करताना हातापेक्षा डोळा पाहतात. आपल्या दोन डोळ्यांपैकी एक नेम धरण्यात पुढाकार घेतो. तो ओळखायला पैसा लागत नाही. दोन्ही हात समोर ताणा, पंजे जुळवून मध्ये लहानशी फट ठेवा, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी पाहा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला टाकी फटीत दिसत राहते, तो तुमचा पुढारी डोळा. डावखुरी माणसे साधारण दहांत एक असतात, पण डावा डोळा पुढारी असणारी सुमारे तिनांत एक. म्हणजे उजव्या हाताने लिहिणाऱ्या कितीतरी मुलांचा नेम डाव्या डोळ्याचा असतो. अशा नवशिक्याला डोळ्याच्या बाजूचे धनुष्य द्यावे, असा सर्वसाधारण सल्ला असतो. काही प्रशिक्षक हात तोच ठेवून तो डोळा झाकायला सांगतात. दोन्ही मार्ग चालतात, पण आधी तपासावे तर लागतेच.

'सवयीने सगळे जमते' असे यावर कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने, फलंदाजी केली उजव्या हाताने. सौरव गांगुली मुळात उजव्या हाताचा, पण मोठ्या भावाचे डावखुरे सामान घरात होते, ते वापरता यावे म्हणून डावखुरी फलंदाजी शिकला. जपानच्या पारंपरिक क्युदोमध्ये तर डावखुऱ्यांनाही उजव्यानेच ओढावे लागते. माणूस जुळवून घेतो, हे खरे. पण गांगुली होणारा एखादाच असतो. 'आपला नेमच चांगला नाही' असे ठरवून मैदान सोडणाऱ्या मुलांची नोंद कोणी ठेवत नाही. तळावर सगळी धनुष्ये उजवी आहेत, म्हणून पुढारी डावा डोळा असलेल्या मुलाच्या हाती उजवे धनुष्य द्यायचे आणि बाण भरकटला की त्यालाच रागवायचे, हा न्याय नव्हे. गुरूने शिष्याला डावलण्याची ती साधी, रोजची तऱ्हा आहे. द्रोणांनी निदान मागून घेतले होते. इथे तर मुलाला काय गेले तेही कळत नाही.

जम्मू-काश्मीरच्या किश्तवाडची शीतल देवी जन्मतः हातांविना आहे. ती पायाने धनुष्य धरते आणि खांद्याच्या जोरावर दोरी ताणते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये तिने मिश्र दुहेरीत कांस्यपदक मिळवले. तिच्या प्रशिक्षकांनी तिच्या शरीराकडे पाहिले आणि त्याला जुळेल असे धनुष्य तिच्यासाठी घडवून घेतले. काशीमिऱ्याच्या पाड्यावरच्या पोराला असो की मीरा रोडच्या सातव्या मजल्यावरच्या मुलीला, धनुष्य देण्यापूर्वी तिच्या समोर उभे राहून इतकेच म्हणावे, 'बाळ, त्या टाकीकडे बघ पाहू.' अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)