नेम धरण्याआधी

नीउ-व्हेनेपहून सायकलने हूफडॉर्पकडे निघालं की गेनीडैक लागतो. ॲमस्टरडॅमच्या संरक्षणासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेला लष्करी बांध. रायफल म्हटली की असंच काहीतरी डोळ्यांसमोर येतं. आपल्या महाराष्ट्रात मात्र तिचा वेगळाच इतिहास घडला, कागदावरच्या काळ्या ठिपक्याचा!

१९८८ साली मुंबईच्या कीर्ती कॉलेजची, एनसीसीतली अंजली वेदपाठक (पुढे भागवत) संजय चक्रवर्ती सरांकडे नेमबाजी शिकू लागली. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये ती अंतिम फेरीत पोचली. सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे याही सरांच्याच शिष्या. दोघी २००४ साली अथेन्सला खेळल्या.

नवख्याला वाटतं, रायफल उचलायची, नेम धरायचा, चाप ओढायचा. खरं काम त्याआधीच संपलेलं असतं. प्रथम दस्त्याची लांबी हाताच्या मापाची करायची. मग गालाचा टेकू असा बसवायचा, की मान न वाकवता डोळा मागच्या बारीक छिद्रासमोर यावा. दुर्बीण चालत नाही. पुढे फक्त एक कडं. गुडघ्यावर बसून आणि पालथं पडून मारताना दंडाला पट्टा बांधता येतो, उभ्याने नाही. म्हणून तिन्ही पवित्र्यांची मापं निराळी, आणि ती वहीत टिपलेली बरी. शेवटी डोळे मिटून दोन श्वास घ्यायचे नि उघडायचे. नळी ठिपक्यावरून सरकली असेल तर ती हाताने ओढून आणायची नाही, अंगाची बैठक बदलायची. माझ्या मते सगळी विद्या या एका नियमात आहे. कारण पन्नास मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं!

दीपालीताई पुढे प्रशिक्षक झाल्या. त्यांचा शिष्य स्वप्नील कुसाळे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, २०२४ पर्यंत रेल्वेत टीसी. काडतुसं महाग, वडिलांनी त्यासाठी कर्ज काढलं होतं. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तो आघाडीवर होता. उभ्याने मारताना एक गोळी ७.६ वर गेली आणि हाती चौथा क्रमांक आला.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये त्याने ४५१.४ गुणांनी कांस्यपदक जिंकलं. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या कांस्यपदकानंतर तब्बल ७२ वर्षांनी! त्या सकाळी स्वारीच्या पोटात अन्नाचा कण नव्हता, फक्त काळा चहा.