मावळातील वर्षावास आणि मौनसाधना : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

काही दिवस घरापासून दूर राहून मौनात ध्यान करण्याची निवासी शिबिरे आज महाराष्ट्रात सुपरिचित आहेत. ही प्रथा जशीच्या तशी प्राचीन लेण्यांतून आली, असा एक सर्वसाधारण समज आढळतो. मावळातील पुराव्यांच्या आधारे या समजाची तपासणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भूप्रदेश आणि वर्षावास

आंद्रा नदीचे खोरे म्हणजे आंदर मावळ. आंद्रा पुढे इंद्रायणीला मिळते. इंद्रायणीच्या खोऱ्यात कार्ले व भाजे, तर पवन मावळाच्या बाजूस बेडसे अशी लेणी आहेत. कुसूर व बोरघाट या वाटांनी हा प्रदेश कोकणाशी जोडला गेला होता. येथील पाऊस अतिशय जोराचा असल्याने पावसाळ्यात प्रवास कठीण होई. आषाढी पौर्णिमेनंतर तीन महिने एका जागी राहण्याचा भिक्षूंचा नियम, म्हणजे वर्षावास, येथील निसर्गाला साजेसाच होता. लेण्यांतील लहान खोल्या, दगडी बाक आणि पाण्याची टाकी त्या वास्तव्याची साक्ष देतात.

कार्ल्याच्या शिलालेखांचे महत्त्व येथे विशेष आहे. नहपानाचा जावई उषवदात याने वलूरकाच्या लेण्यांत राहणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दान दिले. हे दान चारही दिशांच्या संघाला, तेथे वर्षावास करणाऱ्या सर्वांना उद्देशून होते. पुढे सातवाहन राजाने मामाल येथील अमात्याला धाडलेल्या आदेशातही याच गावाचा उल्लेख येतो. मामाल म्हणजेच मावळ, असे अभ्यासक मानतात. या आदेशानुसार राजपुरुषांनी त्या गावात प्रवेश करू नये, अशी सवलत मिळाली. लेण्यांतील शांततेला गावाच्या उत्पन्नाचा व राजकीय संरक्षणाचा आधार होता, हे यावरून स्पष्ट होते.

मौनाविषयी विनयाची भूमिका

वर्षावास म्हणजे पूर्ण मौन, असे मात्र नव्हते. विनयपिटकाच्या महावग्गातील पवारणा प्रकरणात एक उद्बोधक प्रसंग आहे. कोसल देशातील काही भिक्षूंनी तंटा टाळण्यासाठी तीन महिने एकमेकांशी न बोलता, हातांच्या खुणांनी व्यवहार करून वर्षावास पार पाडला. हे ऐकून बुद्धांनी त्यांचे कौतुक केले नाही. मुकेपणाचे असे व्रत त्यांनी निषिद्ध ठरवले आणि वर्षावासाच्या अखेरीस पवारणेचा विधी सांगितला. पाहिलेला, ऐकलेला किंवा शंका आलेला आपला दोष दाखवावा, अशी विनंती प्रत्येक भिक्षू त्यात संघाला करतो. दुसरीकडे, एकत्र जमल्यावर धर्मचर्चा करावी किंवा आर्यमौन पाळावे, असेही सुत्तांत सांगितले आहे. म्हणजे परंपरेने मौनाला मान दिला. परंतु परस्परांच्या जबाबदारीतून सुटण्याचा मार्ग म्हणून ते स्वीकारले नाही.

आधुनिक शिबिरांचे स्वरूप

आधुनिक शिबिर मुख्यतः गृहस्थांचे आहे. ब्रह्मदेशातील सयाजी ऊ बा खिन यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका (१९२४-२०१३) यांनी जुलै १९६९ मध्ये मुंबईत भारतातील पहिले दहा दिवसांचे विपश्यना शिबिर घेतले. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरे भरू लागली. येथे साधक आपसांत मौन पाळतात. मात्र आचार्यांना शंका विचारता येतात, व्यवस्थापकांकडे गरज सांगता येते आणि अखेरीस मौन सुटते. खर्च पूर्वीच्या साधकांच्या दानातून भागतो आणि स्वयंपाकादी कामे धम्मसेवक करतात.

मावळात या इतिहासाला आणखी एक पदर आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. १९५६ च्या धर्मांतरानंतर नवदीक्षित समाजाला धम्माच्या प्रत्यक्ष आचरणाची साधने हवी होती. त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाने भाजे येथे उभारलेले सद्धम्म प्रदीप केंद्र या गरजेतून समजून घ्यावे लागते. तेथील शिबिरांत आनापानसती व मैत्रीभावना यांच्या जोडीने प्रवचन आणि गटचर्चेलाही स्थान आहे. दाटीच्या वस्तीत राहणाऱ्या कष्टकऱ्याला शांत जागा मिळणे, ही येथे केवळ आध्यात्मिक बाब राहत नाही. त्याच वेळी, ज्याची मजुरी रोजची आहे त्याला दहा दिवस कसे काढता येतील, हा प्रश्नही उरतोच.

निष्कर्ष

वर्षावास आणि आजचे शिबिर यांत अखंड परंपरा दाखवता येत नाही. साधक, कालावधी आणि मौनाचे नियम हे तिन्ही बदलले आहेत. समान धागा आढळतो तो दुसऱ्याच ठिकाणी : एकाच्या मौनामागे इतरांचे श्रम आणि दान उभे असते. करजिकच्या शेतकऱ्यांची नावे शिलालेखाने नोंदवली नाहीत. मावळातील लेण्यांचा इतिहास लिहिताना दात्यांबरोबर या अनामिकांचाही विचार होणे आवश्यक आहे.