वीस कलमी कार्यक्रम (आणीबाणी काळ), चंद्रपूर-गडचिरोली

नागरी स्वातंत्र्ये स्थगित असताना राजवटीला ग्रामीण गरिबांचा आधार मिळवून देणारा केंद्र सरकारचा कल्याण कार्यक्रम. इंदिरा गांधी यांनी तो 1 जुलै 1975 रोजी, आणीबाणी (पहा) जाहीर झाल्यावर सहाच दिवसांत मांडला. गडचिरोली तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी झाला.

महाराष्ट्रात ऑगस्ट 1975 मध्ये लहान शेतकरी, कारागीर व मजुरांना सावकारी कर्जातून मुक्त करणारा वटहुकूम निघाला. ऑक्टोबरमध्ये वेठबिगारी देशभर रद्द झाली. गोंड, माडिया, कोलाम यांच्या या मुलखात सर्वांत मोलाचा ठरावा असा कायदा जमीन-परतीचा : 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी मूळ धारकांना देण्याची त्यात तरतूद होती. तो 1974 चा असला, तरी अंमल 1 नोव्हेंबर 1975 पासूनचा.

लाभ खरे होते, पण ते हक्क म्हणून मागण्याची वाट बंद होती : वृत्तपत्रांवर नियंत्रण, विरोधक तुरुंगात. तलाठी व सावकार यांच्याविरुद्ध दाद मागणाऱ्याला संघटनेचा आधार उरला नाही. जंगलावरील हक्क कार्यक्रमात नव्हताच, तो 2006 च्या कायद्याने आला (पहा : वनहक्क, मेंढा-लेखा). कल्याणाची दुसरी बाजू सक्तीची होती. 1976 मध्ये राज्य विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही.

ग्रामीण गरिबांचा असा पाठिंबा अपुरा पडला. मार्च 1977 मध्ये काँग्रेसने केंद्रातील सत्ता गमावली. महाराष्ट्रात तिला 48 पैकी 20 जागा मिळाल्या.