फीमाफी आणि उत्पन्नाचा दाखला

महाविद्यालयातल्या मुलाची फी सरकारने भरायची आणि कोणाची भरायची हे घरच्या वार्षिक उत्पन्नावरून ठरवायचे, ही रीत महाराष्ट्रात 1959 पासूनची आहे. कागदोपत्री ती 'आर्थिकदृष्ट्या मागासवर्गीयांसाठीची सवलत', लोकांच्या तोंडी 'ईबीसी'. पुढे योजनेचे नाव बदलले, रक्कम बदलली, अर्ज कागदावरून संगणकावर गेला. तरी जालना जिल्ह्यातल्या परतूरसारख्या तालुक्याच्या गावी बारावीचा निकाल लागला की पालक आजही 'ईबीसीत बसतो का?' असेच विचारतात. विद्यार्थ्याला पैशाची मदत करण्याची चाल ईबीसीहून कितीतरी जुनी. फक्त मदतीला पात्र कोण, याचे उत्तर दर पिढीला नव्याने दिले गेले.

मराठी मुलखातली अशी सर्वांत गाजलेली मदत म्हणजे श्रावणातली दक्षिणा. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावला विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याचा प्रघात पाडला. 1731 मध्ये डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे मारले गेले आणि पहिल्या बाजीरावाने हा प्रघात पुण्यात आणून चालू ठेवला. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात दूरदूरचे ब्राह्मण जमत. नामांकित शास्त्र्यांना योग्यता पाहून वेगळी दक्षिणा मिळे, बाकीच्यांना रमण्यात सरसकट. जातीची अट पहिली आणि विद्येची दुसरी. घरची गरिबी कोणी विचारत नसे, कारण ती पात्रतेचा भागच नव्हती. श्रीमंत वैदिकाला दक्षिणा चाले. दरिद्री कुणब्याच्या पोराला रमण्याचे दार बंद होते.

1818 मध्ये पेशवाई गेली, दक्षिणा मात्र उरली. इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टनने ती एकदम बंद केली नाही. तिच्यातलाच काही पैसा 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात उघडलेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळला. 1849 च्या सुमारास लोकहितवादी आणि इतर सुधारकांनी या निधीचा काही भाग मराठी ग्रंथरचनेला द्यावा असा आग्रह धरला. जुन्या मंडळींनी गहजब केला, जोतीराव फुले सुधारकांच्या बाजूने उभे राहिले आणि पुढे दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये निघाल्यावर याच पैशातून 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, महादेव गोविंद रानडे, गोपाळ गणेश आगरकर हे सगळे कधी ना कधी दक्षिणा फेलो होते. श्रावणातला धर्मादाय असा शंभर-सव्वाशे वर्षांत विद्यापीठाची शिष्यवृत्ती झाला आणि परीक्षेतली हुशारी हा त्याचा निकष ठरला. दानशूरांनी ठेवलेल्या देणग्यांचाही कल हाच होता. नाना शंकरशेट यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती मॅट्रिकला मिळवणे हा केवढा मान समजला जाई! 1912 मध्ये ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली.

गुणांची कसोटी दिसायला निष्पक्ष असते. ती फक्त परीक्षेला बसलेल्यांना लागते, आणि परीक्षेपर्यंत पोहोचायला आधी पोटात अन्न आणि डोक्यावर छप्पर लागते. ही गरज समाज आपल्या परीने भागवत होता. पुण्यात गरीब मुले वार लावून जेवत, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. 1909 मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहातली मुले माधुकरी मागत. वारावर जेवायला बोलावणारे घर मुलाची जात पाहूनच पान मांडी, हे सांगायला नको. ज्यांना त्या पंगतीत जागा नव्हती त्यांच्यासाठी कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 पासून जातवार वसतिगृहे उभारली. भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणले आणि राहण्याजेवणाचा मोबदला श्रमातून घेतला. विद्यापीठांतल्या 'कमवा आणि शिका' योजनांचे मूळ तिथे आहे.

संस्थानिकांच्या शिष्यवृत्त्यांची तऱ्हा निराळी. त्या करार करून मिळत. सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना बी.ए.साठी दरमहा 25 रुपये दिले आणि 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांपुरते. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानाची चाकरी. करार पाळायला आंबेडकर 1917 मध्ये बडोद्याला गेलेही, पण अस्पृश्याला राहायला घर कोणी देईना, कचेरीतले शिपाई कागद लांबून टाकत, आणि थोड्याच दिवसांत त्यांना परतावे लागले. विद्यार्थ्याच्या बाजूने अट मोडली ती अशी. अट घालणाऱ्याने जे गृहीत धरले होते, तेच समाजाने मिळू दिले नाही. पात्रतेच्या नियमांच्या इतिहासात या प्रसंगाइतका बोलका दाखला दुसरा नाही.

हेच आंबेडकर 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले आणि उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांसाठी पैसा मागितला. त्यातून वर्षाला 3 लाख रुपयांची तरतूद झाली आणि 1944-45 पासून अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. 1948-49 मध्ये अनुसूचित जमाती आणि पुढच्या वर्षी इतर मागासवर्ग त्यात आले. बक्षिसाचा भाव इथे संपला. पहिल्या नंबरात न आलेल्या, नुसत्या पास झालेल्या मुलाचाही मदतीवर हक्क आहे, हे सरकारने पहिल्यांदा मान्य केले. आजची 'भारत सरकार शिष्यवृत्ती', महाविद्यालयाच्या कार्यालयातली 'जीओआय', ती हीच. 1959-60 पासून तिची अंमलबजावणी राज्यांकडे आली.

परतूर या सगळ्या घडामोडींच्या बाहेर होते. ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात होते. विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया, आणि तिथली शिकवण उर्दूतून. मराठी घरातल्या मुलाला फीच्या आधी परक्या भाषेची अट पार करावी लागे. 17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान मुक्त झाले. 1950 मध्ये आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढचे मिलिंद. मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेली दलित मुले तिथे सरकारी शिष्यवृत्तीवर शिकली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. परतूरच्या मुलाला विद्यापीठ आणि फीमाफी ही दोन्ही अशी एका वर्षाच्या अंतराने लाभली.

फीमाफीचा निर्णय मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या काळातला. चव्हाणांच्या आईने विधवेपणी कष्ट करून मुले वाढवली होती, त्यामुळे फी भरण्याची धास्ती त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पालकाचे वार्षिक उत्पन्न 900 रुपयांच्या आत असेल तर कोणत्याही जातीच्या मुलाची फी माफ, असा हा निर्णय होता. मर्यादा लवकरच 1200 वर गेली. नंतरचे शिक्षणमंत्री बाळासाहेब देसाई यांचे नावही या सवलतीशी जोडले जाते. 1200 रुपये वर्षाला म्हणजे महिन्याला 100. कोरडवाहू शेतकरी, शेतमजूर, कारकुनाच्या खालचा नोकर असे बहुतेक सगळे त्यात बसत. नाशिकपासून नांदेडपर्यंत पहिल्या पिढीचे पदवीधर घडवण्यात या एका नियमाचा वाटा फार मोठा आहे.

जात ठरवायला जन्म पुरतो आणि गुण ठरवायला गुणपत्रिका, पण उत्पन्न ठरवायचे कशावरून? नोकरदाराचा पगार कागदावर असतो. शेतकऱ्याचा हिशेब पावसावर अवलंबून. मग जबाबदारी गावच्या तलाठ्यावर आली. तलाठ्याने सातबारा आणि आठ-अ पाहायचा, किती एकर, जिरायत की बागायत, जोडधंदा काय हे नोंदवायचे आणि अहवाल द्यायचा. त्यावर तहसीलदाराने दाखला द्यायचा. परतूर तालुक्यात कापूस, सोयाबीन, तूर ही पिके, आणि पाणी असेल तिथे मोसंबी. यातून किती उरले याचा चोख आकडा खुद्द शेतकऱ्यालाही सांगता येत नाही. दाखल्यावरचा आकडा हा अंदाज असतो, पण एकदा शिक्का बसला की तो पुरावा होतो. पगारदाराचा पै-पैचा हिशेब आणि शेतकऱ्याचा अंदाज एकाच मर्यादेने मोजला जातो, ही या पद्धतीतली जुनी विसंगती. तिचा फायदा काही बड्या बागायतदारांनी उचलला हे खरे. आणि मर्यादेच्या किंचित वर असलेला शिपाई किंवा एस.टी.चा वाहक त्यामुळे बाहेर राहिला, हेही तितकेच खरे.

दुसरी खोट मर्यादेच्या आकड्यात. रुपया घसरत जातो, शासन निर्णयातला आकडा जागचा हलत नाही. ईबीसीची मर्यादा 1 लाखावर येऊन वर्षानुवर्षे तिथेच थांबली. मराठा मोर्चांच्या पार्श्वभूमीवर ऑक्टोबर 2016 मध्ये ती 6 लाख झाली, पुढे 8 लाख. योजनेला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती असे नाव मिळाले. व्यावसायिक अभ्यासक्रमांत निम्मे शिक्षण शुल्क सरकार देते. अटी वाचताना मात्र धीर धरावा लागतो: विद्यार्थी महाराष्ट्राचा अधिवासी हवा, प्रवेश 'कॅप'मधून म्हणजे केंद्रीय फेरीतून हवा, व्यवस्थापन कोट्यातला नको, एका घरातली पहिली दोनच अपत्ये, शिक्षणात दोन वर्षांहून जास्त खंड नको. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीची मर्यादा या काळात अडीच लाखांवरच राहिली. वरवर सवलत एकच वाटली तरी एकाच वर्गातल्या दोन मुलांना लागू होणारे आकडे असे तिपटीहून अधिक वेगळे असू शकतात.

'नॉन-क्रिमी लेयर'चा दाखला हा आणखी वेगळा कागद, आणि पालक हमखास गोंधळतात तो इथेच. मंडल खटल्याच्या 1992 च्या निकालानंतर आलेल्या या दाखल्यातही आज 8 लाखांची मर्यादा आहे. तिच्यात पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. शिष्यवृत्तीच्या उत्पन्नाच्या दाखल्यात दोन्ही धरतात. आकडा तोच, मोजणी वेगळी.

फी माफ झाली तरी राहण्याजेवणाचा खर्च राहतोच. परतूर मनमाड-काचीगुडा रेल्वेमार्गावर आहे, त्यामुळे काही मुले जालन्याला जाऊन-येऊन शिकतात. छत्रपती संभाजीनगरला खोली करून राहणाऱ्याला मेस आणि भाडे चुकत नाही. त्यासाठी अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या आणि नवबौद्ध मुलांना 2016-17 पासून स्वाधार योजना आहे. स्वाधारची रक्कम ठरवताना शहरांची उतरंड लावली गेली: मुंबई-पुण्यासाठी वर्षाला 60 हजार, इतर महापालिकांसाठी 51 हजार, जिल्ह्याच्या ठिकाणासाठी 43 हजार. या मूळ रचनेत तालुक्याच्या गावाचा रकानाच नव्हता. तेव्हा परतूरचा मुलगा जालन्याला शिकायला गेला तर पात्र; आजूबाजूच्या खेड्यातून परतूरला खोली करून राहिला तर अपात्र.

दुष्काळाच्या वर्षी मात्र उत्पन्नाची कसोटी बाजूला पडते. 31 ऑक्टोबर 2018 रोजी सरकारने राज्यातल्या 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. जालना जिल्ह्यातले बहुतेक तालुके त्या यादीत होते. अशा वेळी यादीतल्या गावच्या विद्यार्थ्याचे परीक्षा शुल्क माफ होते. या सवलतीला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, रहिवास पुरतो. सगळ्या सवलतींत कमीत कमी कागदांची ही एकच.

2017-18 पासून सगळे अर्ज 'महाडीबीटी'वर भरले जातात. महाविद्यालयाच्या खिडकीतला कारकून गेला, त्याच्या जागी सेवा केंद्र आले. आधारला जोडलेले बँक खाते चालू हवे. महाविद्यालय छाननी करते, मग विभाग, आणि मंजुरीनंतर विद्यार्थ्याने स्वतः लॉगिन करून 'रिडीम' केल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. केंद्राने डिसेंबर 2020 मध्ये अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीचा 60 टक्के वाटा उचलायचे ठरवले आणि आपला हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात द्यायला सुरुवात केली. फी महाविद्यालयाची, पैसे विद्यार्थ्याच्या खात्यात, ही रचना स्वच्छ आहे. पण हप्ता उशिरा आला की महाविद्यालय विद्यार्थ्यामागे लागते. पूर्वी ते सरकारमागे लागत असे.

2024-25 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गीय घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांतली पूर्ण फी माफ झाली. तलाठ्याचे पदनामही 2024 मध्ये बदलून ग्राम महसूल अधिकारी झाले. त्यांच्या अहवालावर तहसील कचेरीतून निघणारा उत्पन्नाचा दाखला मात्र जुन्याच नियमाने चालतो: एका वर्षाचा काढला की 31 मार्चला त्याची मुदत संपते, म्हणून जूनमध्ये प्रवेश घेणाऱ्याने तो एप्रिलनंतरचाच काढावा.